परदेशी कंपनीचा कारभारी कोण?

वाण्याच्या दुकानात आपण साबण मागतो. वाणी लाइफबॉयची वडी काढून देतो, नाहीतर रिनची. घरी जाऊन आपण वेष्टन फाडतो आणि टाकून देतो. आता तुम्हाला वाचता येते. म्हणून या खेपेला वेष्टन टाकू नका, त्यावरची बारीक अक्षरे वाचा. तिथे कंपनीचे नाव आढळेल : हिंदुस्थान युनिलिव्हर.

नावात हिंदुस्थान आहे. कंपनीची कचेरी मुंबईत आहे. कारखाने आपल्या देशात आहेत, कामगार आपले आहेत. पण या कंपनीचे शंभरातले सुमारे 62 भाग युनिलिव्हर या परदेशी कंपनीच्या हातात आहेत. युनिलिव्हरची मुख्य कचेरी इंग्लंडात, लंडन शहरी आहे.

अशा कंपनीला बहुराष्ट्रीय कंपनी म्हणतात. म्हणजे घर एका देशात आणि धंदा अनेक देशांत. घरची ती मूळ कंपनी. दुसऱ्या देशात तिने काढलेली ती शाखा-कंपनी.

आता प्रश्न असा. मालक सातासमुद्रापलीकडे, कारखाना इथे. मग इथला कारभार पाहायचा कोणी? मालकाने आपला माणूस पाठवायचा, की इथलाच एखादा शहाणा माणूस नेमायचा? या लेखात आम्ही हेच सांगणार आहोत. प्रश्न मोठ्या लोकांचा वाटतो, पण त्याचा आपल्याशीही संबंध आहे. तो कसा, ते शेवटी कळेल.

दूरच्या शेताचा कारभारी

समजा, एका शेतकऱ्याने दुसऱ्या तालुक्यात दहा एकर जमीन घेतली. रोज तिथे जाणे जमत नाही. मग तो काय करील?

एक, तो आपल्या मुलाला तिथे पाठवील. मुलगा घरचा. त्याच्यावर भरवसा. बापाची शेती करण्याची रीत त्याला ठाऊक. पण त्या गावची माती कशी, पाणी कुठे लागते, मजूर केव्हा मिळतात, हे त्याला ठाऊक नसते. शिवाय त्याचे बिऱ्हाड तिथे थाटून द्यावे लागते. खर्च वाढतो.

दोन, तो त्या गावातलाच कोणी जाणता माणूस नेमील. त्याला माती कळते, माणसे कळतात. खर्चही कमी. पण तो आपल्या रीतीने वागेल का? हिशेब चोख देईल का? मनात शंका राहते.

तीन, तो म्हणेल, "माणूस या गावचा असो, त्या गावचा असो, नाहीतर तिसऱ्याच गावचा असो. शेतीत जो पटाईत असेल तो मला चालेल."

मोठमोठ्या कंपन्यांपुढे ह्याच तीन वाटा असतात. कुठल्याही चौथ्या वाटेत याच तिन्हींचे थोडे थोडे मिश्रण असते.

कोणती वाट केव्हा?

धंदा नवा असतो तेव्हा कंपनी बहुधा पहिली वाट धरते. नवे यंत्र बसवायचे, माल बनवायची कृती शिकवायची, हिशेबाची पद्धत लावायची, ही कामे असतात. ती कृती घरच्या माणसालाच ठाऊक असते. म्हणून घरचा माणूस येतो. पुष्कळ कंपन्या निदान हिशेबाच्या खात्यावर तरी आपला माणूस ठेवतात. तिजोरीची किल्ली सहसा कोणी परक्याच्या हाती देत नाही.

धंदा रुळला, की दुसरी वाट सुरू होते. इथली माणसे काम शिकतात. परदेशी साहेब कमी होत जातात.

मालावरही पुष्कळ अवलंबून असते. साबण, चहा, दंतमंजन, खाद्यपदार्थ हा माल घरोघर जातो. बाई कपडे दगडावर धुते की बादलीत, विहिरीचे पाणी जड आहे की हलके, लोकांना वास कोणता आवडतो, हे कळल्याशिवाय असा माल खपत नाही. तिथे इथलाच माणूस हवा. उलट मोटार किंवा मोठे यंत्र सगळ्या जगात जवळजवळ एकाच मापाने बनते. तिथे कंपनी आपल्या घरचा माणूस अधिक दिवस ठेवते.

आणि तिसरी वाट? कंपनी अनेक देशांत मुरली, की तिला कळते की हुशारी काही एकाच देशाच्या वाट्याला आलेली नाही. मग ती सगळीकडची चांगली माणसे हेरते आणि या देशातून त्या देशात फिरवते.

साबणवाल्या कंपनीची गोष्ट

या तिन्ही वाटा एकाच कंपनीत पाहायच्या असतील, तर आपल्या साबणाकडेच वळू.

1888 साली कलकत्त्याच्या बंदरात सनलाइट साबणाच्या पेट्या उतरल्या. माल इंग्लंडात बनलेला. बनवणारी कंपनी लिव्हर ब्रदर्स. तेव्हा इथे कारखाना नव्हता. माल यायचा, विकला जायचा, एवढेच.

पुढे ही कंपनी एका डच कंपनीशी मिळाली आणि 1930 साली युनिलिव्हर झाली. तिने आपल्या देशात शाखा-कंपन्या काढल्या. 1931 साली वनस्पती तुपाची, 1933 साली साबणाची. मुंबईत शिवडीला कारखाने निघाले. 1934 साली शिवडीला साबण तयार होऊ लागला. मुंबईचे कामगार साबण बनवत. वरचे साहेब मात्र गोरे.

1937 साली प्रकाश टंडन नावाचे एक पंजाबी तरुण या कंपनीत लागले. इंग्लंडात हिशेबतपासनिसाचे शिक्षण घेऊन ते परत आले होते. त्या काळी परदेशी कंपन्यांत हिंदी माणूस कारकून होई. साहेबाच्या खुर्चीपर्यंत तो फारसा पोचत नसे.

मग 1942 साल आले. महायुद्ध चालू होते. इंग्लंडातले तरुण लष्करात जात होते. इकडे स्वराज्याची चळवळ पेटली होती. त्या साली कंपनीने ठरवले, की युरोपियनांच्या जागी हिंदी माणसे तयार करायची. लहान अधिकाराच्या जागी आणि मोठ्या अधिकाराच्याही जागी.

नुसते ठरवून काही होत नाही. माणूस तयार करायला वर्षे लागतात. जातिवंत बैलसुद्धा पहिल्याच दिवशी सरळ तास धरत नाही. कंपनीने शिकलेली मुले निवडली. त्यांना कारखान्यात, बाजारात, कचेरीत फिरवले. एका खात्यातून दुसऱ्या खात्यात नेले. चुका करू दिल्या आणि सुधारूही दिल्या.

त्याचे फळ आकड्यांत पाहा. 1951 साली टंडन संचालक झाले. संचालक म्हणजे कंपनी चालवणाऱ्या मंडळातला माणूस. या कंपनीचे ते पहिले भारतीय संचालक. 1955 साली कंपनीतल्या शंभर मॅनेजरांपैकी 65 भारतीय होते. 1956 साली तीन शाखा-कंपन्या एक झाल्या आणि हिंदुस्थान लिव्हर हे नाव पडले. त्याच वेळी कंपनीचे शंभरातले 10 भाग भारतीय लोकांना विकत घेता आले. 1961 साली टंडन कंपनीचे अध्यक्ष झाले. त्या वेळी कंपनीत 205 मॅनेजर होते. त्यांतले 191 भारतीय होते.

1942 ते 1961. एकोणीस वर्षे लागली. खुर्चीवरचा माणूस बदलायला एक दिवस पुरतो. खुर्चीसाठी माणूस घडवायला एवढा काळ लागला.

टंडन यांच्यानंतर अध्यक्षपद वसंत राजाध्यक्ष या मराठी गृहस्थांकडे आले. टंडन पुढे सरकारी व्यापार महामंडळाचे आणि पंजाब नॅशनल बँकेचेही अध्यक्ष झाले. म्हणजे परदेशी कंपनीत घडलेला माणूस देशाच्याही कामी आला.

इथे खेड्यातल्या वाचकांना आवडेल अशी एक गोष्ट सांगतो. उत्तर प्रदेशात एटा नावाचा जिल्हा आहे. तिथे या कंपनीचा दुधाचा कारखाना होता. तो तोट्यात चालला होता. कारण काय? शेतकऱ्याची जनावरेच अशक्त, मग दूध कुठून येणार? 1976 साली कंपनीने तिथे ग्रामसुधारणेचे काम काढले. आणि नियम केला, की नव्या शिकाऊ मॅनेजरांनी काही आठवडे त्या खेड्यांत शेतकऱ्यांच्या घरी राहायचे. मोठमोठ्या विद्यालयांतून शिकून आलेली मुले खाटेवर झोपू लागली, हातपंपावर अंघोळ करू लागली. देशी माणूस असला म्हणजे त्याला देश कळतोच असे नाही. शहरातल्या मुलाला खेडे परदेशासारखेच असते. हे कंपनीने ओळखले, ते बरे झाले.

आता तिसरी वाट. 2007 साली कंपनीचे नाव हिंदुस्थान युनिलिव्हर झाले. त्या सुमारास काही वर्षे डग्लस बेली हे परदेशी गृहस्थ तिचे प्रमुख होते. 2008 साली नितीन परांजपे प्रमुख झाले. तेही मराठी. पुढे 2019 साली युनिलिव्हरने त्यांना लंडनच्या मूळ कंपनीत फार वरची जागा दिली. साऱ्या जगातला रोजचा कारभार त्यांच्याकडे आला. आणि 2025 साली प्रिया नायर भारतातल्या कंपनीच्या प्रमुख झाल्या. या खुर्चीवर बसलेल्या त्या पहिल्याच स्त्री. त्याआधी त्यांनी मूळ कंपनीत सगळ्या जगाचे एक खाते सांभाळले होते.

पाहा, चाक कसे फिरले. आधी तिकडून साहेब इकडे येत. आता इकडून माणसे तिकडे जातात आणि परतही येतात.

मोटारीच्या कारखान्यात

प्रत्येक कंपनी एकाच चालीने चालत नाही. पुण्याजवळ चाकणला मर्सिडीज-बेंझ या जर्मन कंपनीचा मोटारींचा कारखाना आहे. ही कंपनी आपल्या देशात 1994 साली आली. तिच्या भारतातल्या कारभाराचा प्रमुख पहिल्यांदा भारतीय झाला तो 2023 च्या जानेवारीत. त्यांचे नाव संतोष अय्यर. मधली सारी वर्षे प्रमुख बाहेरून येत राहिले.

मारुती सुझुकीची तऱ्हा आणखी निराळी. तिथे मालकी जपानी सुझुकी कंपनीची. तिथे अध्यक्ष भारतीय, तर रोजचा कारभार पाहणारे व्यवस्थापकीय संचालक 2007 च्या अखेरीपासून जपानी. दोघांनी मिळून गाडा ओढायचा. 1983 साली मारुतीची पहिली मोटार निघाली. तेव्हा जपानी पद्धतीने एक रीत पडली. साहेब आणि कामगार, दोघांचा गणवेश एकच आणि जेवणाची जागाही एकच. आपल्याकडे ही गोष्ट नवलाची होती. परदेशी कारभारी नुसते यंत्र घेऊन येत नाही, आपली चालरीतही घेऊन येतो, ती अशी.

आणि उलटेही घडते. 2008 साली आपल्या टाटांनी इंग्लंडातली जॅग्वार लँड रोव्हर ही मोटारकंपनी विकत घेतली. मग टाटांनी तिथे मुंबईचा माणूस बसवला का? नाही. 2010 ते 2020 या काळात राल्फ स्पेथ हे जर्मन गृहस्थ तिचे प्रमुख होते. मालक भारतीय, कारखाने इंग्लंडात, कारभारी जर्मन! मोटारी बनवण्यात जो पटाईत, त्याला नेमले. ही झाली तिसरी वाट.

परक्या मुलुखात आलेला माणूस

घरचा माणूस परदेशी पाठवणे स्वस्त नसते. पगार तर द्यायचाच. शिवाय राहायला घर, मुलांच्या शाळेचा खर्च, वर्षातून एकदा घरी जायला विमानभाडे, औषधपाणी. म्हणून तोच माणूस घरी ठेवला असता तर जेवढा खर्च आला असता, त्याच्या दुप्पट-तिप्पट खर्च होतो.

एवढे करून पुष्कळदा काम फसते. माणूस मुदतीआधीच परत जातो. का? त्याला काम येत नाही म्हणून? क्वचितच. बहुतेक वेळा घरच्यांना करमत नाही. बायकोची आपली नोकरी सुटलेली असते. शेजारणीची भाषा कळत नाही. मुलांना नवी शाळा मानवत नाही. आपल्याकडे नवी नवरी सासरी येते, तिला जसे परके वाटते, तसेच सगळ्या घराला वाटते. म्हणून शहाण्या कंपन्या माणूस निवडताना त्याच्या घरच्यांनाही विचारतात. जाण्याआधी त्यांना तिथली भाषा शिकवतात, रीतभात सांगतात.

दुसरी एक अडचण परत आल्यावर येते. तीन-चार वर्षे बाहेर राहिलेला माणूस घरी येतो, तो त्याची जुनी जागा दुसऱ्याने घेतलेली असते. बाहेर मिळवलेल्या शहाणपणाला कोणी विचारत नाही. तो कंटाळून नोकरी सोडतो. कंपनीचा पैसाही जातो आणि माणूसही जातो.

कायदा काय सांगतो?

परदेशी माणसाला इथे येऊन नोकरी करायची तर सरकारचा परवाना लागतो. त्याला नोकरीचा व्हिसा म्हणतात. ज्या कामाला लायक माणसे इथेच पुष्कळ मिळतात, त्या कामासाठी हा व्हिसा द्यायचा नाही, असे सरकारचे धोरण आहे.

2013 च्या कंपनी कायद्यात आणखी एक अट आहे. कंपनी कोणाचीही असो, तिच्या संचालकांपैकी निदान एक जण असा हवा, की जो वर्षातले निदान 182 दिवस भारतात राहतो. म्हणजे उद्या काही झाले तर जाब विचारायला कोणीतरी इथे असले पाहिजे.

ही अट किती महत्त्वाची आहे, हे कळायला भोपाळची हकीकत वाचली पाहिजे.

खुर्ची इथली, सत्ता कुणाची?

भोपाळ शहरात युनियन कार्बाइड कंपनीचा पिकावरच्या कीटकनाशकाचा कारखाना होता. कंपनीचे निम्म्याहून थोडे जास्त भाग अमेरिकेतल्या मूळ कंपनीकडे होते. बाकीचे भारतीयांकडे. 1984 साली कारखान्याचा रोजचा कारभार भारतीय अधिकारीच पाहत होते. मूळ कंपनीचे तज्ज्ञ 1982 साली येऊन तपासणी करून गेले होते. सुरक्षिततेत उणिवा आहेत, असे त्यांनी लिहूनही ठेवले होते.

1984 च्या 2 आणि 3 डिसेंबरच्या मधल्या रात्री कारखान्यातून विषारी वायू सुटला. झोपेतली हजारो माणसे मेली. लाखोंना त्रास झाला. पुष्कळांचे डोळे आणि फुप्फुसे जन्माची खराब झाली.

मग प्रश्न आला : जबाबदार कोण? मूळ कंपनी म्हणाली, कारखाना भारतीय कंपनीचा होता, भारतीय माणसेच तो चालवत होती. लोक म्हणाले, अर्ध्याहून जास्त मालकी तुमची, माल बनवायची कृती तुमची, मग जबाबदारी तुमची कशी नाही? मूळ कंपनीचे अमेरिकन अध्यक्ष वॉरन अँडरसन भोपाळला आले. 7 डिसेंबरला त्यांना अटक झाली, जामीन मिळाला आणि ते मायदेशी गेले. इथल्या कोर्टापुढे ते पुन्हा कधी उभे राहिले नाहीत. 2014 साली ते वारले. 1989 साली कंपनीने 47 कोटी डॉलर भरपाई दिली. 2010 साली भोपाळच्या कोर्टाने सात भारतीय अधिकाऱ्यांना दोन-दोन वर्षांची शिक्षा सांगितली.

यातून काय समजायचे? कारभारी आपल्या देशाचा असला म्हणजे सगळे बरे झाले, असे नाही. त्याच्या हाती अधिकार हवा. सुरक्षिततेचा खर्च करायला, धोका दिसला तर यंत्र बंद करायला त्याला दूरच्या मालकाच्या तोंडाकडे पाहावे लागत असेल, तर तो कारभारी नव्हे, बाहुले. नाव सोनुबाई आणि हाती कथलाचा वाळा, अशातली गत. आणि अधिकार असूनही त्याने डोळेझाक केली, तर तो आपल्याच माणसांचा अपराधी.

आपल्याला काय त्याचे?

भोपाळनंतर 1987 साली कारखान्यांच्या कायद्यात दुरुस्ती झाली. कंपनीच्या कारखान्याची जबाबदारी तिच्या एका संचालकावर टाकली गेली. धोक्याच्या कारखान्याने आपल्या मालापासून काय धोका आहे, तो कसा टाळायचा, ही माहिती कामगारांना आणि आसपासच्या लोकांना दिलीच पाहिजे, असेही ठरले. 2020 च्या नव्या कामगार संहितेतही माहिती देण्याची ही अट ठेवली आहे.

तेव्हा तुमच्या पंचक्रोशीत एखाद्या परदेशी कंपनीचा कारखाना आला, तर घाबरू नका आणि हुरळूनही जाऊ नका. कारखाना आला म्हणजे रोजगार येतो. आपली मुले तिथे शिकतात आणि शिकता शिकता वर चढतात. शिवडीच्या कारखान्यात तेच झाले. पण ग्रामसभेत उभे राहून चार गोष्टी विचारा :

इथल्या कारखान्याचा जबाबदार संचालक कोण आणि तो राहतो कुठे?

धोका झाला तर कारखाना बंद करण्याचा हुकूम इथला साहेब स्वतः देऊ शकतो, की त्याला परदेशी विचारावे लागते?

धोक्याची माहिती मराठीत लिहून ग्रामपंचायतीत दिली आहे काय?

आमच्या मुलांना कामगाराच्या वर चढायचे असेल, तर कंपनी काय शिकवणार आहे?

साहेब गोरा आहे की सावळा, जर्मन बोलतो की मराठी, हे त्यानंतर विचारा. विचारलेल्याची उत्तरे कागदावर लिहून घ्या. खाली तारीख घाला आणि साहेबाची सही घ्या. सही घेण्याआधी तो कागद स्वतः वाचा.